पावसच्या पेटीचा हिशेब आणि सर्व्हरचे प्रोग्रॅमिंग

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या आंब्याला दार बंद केले. आदल्या हंगामातल्या मालात फळमाशी सापडली होती. २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली, पण निर्यातीच्या आंब्यामागचा कागद काही कमी झाला नाही. फळ कुठल्या बागेतले, ती बाग कोणी तपासली, माल कुठल्या पॅकहाउसमध्ये भरला, प्रक्रिया कुठे झाली, हा सगळा माग मागाहून कोणालाही काढता आला पाहिजे. अशा बागांची नोंदणी अपेडा या शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेच्या 'मँगोनेट' या वेबप्रणालीत होते. द्राक्षांसाठीची 'ग्रेपनेट' तिच्या आधीची. बागायतदार, कृषी खात्याचा अधिकारी, पॅकहाउसवाला, निर्यातदार असे वेगवेगळे लोक एकाच मालाच्या साखळीत नोंदी करतात, आणि कोणी कोणत्या नोंदीला हात लावायचा हे ठरलेले असते.

अशाच साखळीचे दुसरे उदाहरण तर रत्नागिरीजवळच्या पावस गावात घराघरात माहीत असलेले. वडील गेले, सातबाऱ्यावर वारसांची नावे लावायची आहेत. तलाठ्याच्या मनात आले म्हणून सातबारा बदलत नाही. फेरफाराची नोंद होते, तिला नंबर पडतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावे लागतात, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो आणि मगच नाव चढते. जुने नाव खोडरबराने पुसत नाहीत, त्याला कंस करतात. ई-फेरफारात हीच पद्धत संगणकावर आली आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. आपल्याला दिसतो तो साधा पडदा: गाव निवडा, गट नंबर टाका. त्यामागे कंस करण्यापर्यंतचे सगळे नियम सर्व्हरवर लिहिलेले असतात.

मोठ्या संस्थांसाठी सर्व्हरवरचे प्रोग्रॅमिंग शिकायचे म्हणजे नेमके हे शिकायचे. एका नोंदीवर अनेकांचे हात, प्रत्येकाचा अधिकार वेगळा, मध्ये पैसा, आणि चार वर्षांनी कोणी विचारले तर दाखवता येईल असा माग. भाषा, फ्रेमवर्क, क्लाउड यांची नावे त्यानंतर येतात. रत्नागिरीच्या फिनोलेक्समध्ये, गोगटे-जोगळेकरमध्ये किंवा शासकीय तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या, किंवा पदवी घेऊन पावसला घरी बसून अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे असे की ऑनलाइन दुकानाची शंभरावी नक्कल करत बसू नका. तुमच्या अंगणातला आंब्याचा धंदा घ्या आणि त्याची वेबप्रणाली शेवटपर्यंत बांधा. शिकायचे ते बहुतेक सगळे त्यात येते.

आधी वही

पहिले काही दिवस संगणक उघडू नका. ओळखीच्या एखाद्या बागायतदाराकडे जा आणि दिवाणजी लिहितात ती वही बघा. तोडणी किती झाली, प्रतवारीत कुठल्या वजनाचे फळ किती निघाले, पेट्या किती भरल्या, वाशीच्या बाजारात किती गेल्या, मुंबई-पुण्याच्या घरगुती गिऱ्हाइकांना किती. वाशीहून दलालाची पट्टी येते, तिच्यात विक्रीच्या रकमेतून हमाली, तोलाई, भाडे वगैरे वजा होऊन हाती काय आले ते असते. ती पट्टी नीट वाचा.

आणि विचारा. "काका, हे पाच हजार आले ते कुठल्या पेटीचे, ते कुठे लिहिता?" बहुधा उत्तर मिळेल, "पेटीचे कशाला रे, माणसाचे आले. त्याच्या नावावर जमा." या एका उत्तराने तुमच्या डेटाबेसची मांडणी बदलते. तुम्ही मनात ठरवून आलेले असता की प्रत्येक ऑर्डरपुढे 'पैसे मिळाले' असा एक रकाना ठेवू. इथे तर पैसे खात्यावर येतात, अर्धे एप्रिलमध्ये, उरलेले जूनमध्ये, कधी मागच्या वर्षीची बाकी धरून. म्हणजे गिऱ्हाइकाचे खाते वेगळे, ऑर्डर वेगळी, जमा वेगळी, आणि बाकी ही कुठे लिहून ठेवायची गोष्ट नसून दरवेळी नोंदींवरून काढायची गोष्ट. फळात साका, म्हणजे आतला गर खराब, निघाला म्हणून एक डझन बदलून दिला, तर तो खर्च कोणाचा? भाव उतरला तर आधी ठरलेल्या दराचे काय? अशा प्रश्नांची एक यादी करा आणि उत्तरे काकांच्याच शब्दांत लिहून ठेवा. ही यादी ज्याच्याकडे नाही त्याचा कोड कितीही देखणा असला तरी मेमध्ये उघडा पडतो.

भाषेचे एकदाचे ठरवून टाका

जावा घ्या. सी शार्प आणि डॉट नेट घेतलेत तरी बिघडत नाही. बँका, विमा कंपन्या, सरकारी प्रणाली यांत दोन्ही भरपूर आहेत. पीएचपीला नाके मुरडणाऱ्यांत मी नाही. भक्तनिवासाच्या खोल्यांचे आरक्षण किंवा एखाद्या दुकानाची साइट पीएचपीत झटपट आणि स्वस्तात होते. नोड आणि पायथनही चालतात. पण पहिली भाषा म्हणून जावाचा एक फायदा असा की ती प्रत्येक गोष्टीचा प्रकार लिहायला लावते आणि चूक बऱ्याचदा प्रोग्रॅम चालू होण्याआधीच दाखवते. १९९५ मध्ये सन कंपनीने आणलेली ही भाषा म्हातारी झाली अशी हाकाटी मी अनेकदा ऐकली आहे. तरी २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ मध्ये हलके आभासी थ्रेड आले आणि हजारो विनंत्या एकाच वेळी हाताळण्याचे काम आणखी सोपे झाले. शिकायला तीच आवृत्ती किंवा तिच्यानंतरची दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्या. डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस. लॅपटॉपला १६ जीबी रॅम असेल तर सुख, ८ वर भागते.

पावसच्या नेटवर्कबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. जावाचे प्रकल्प बांधणारे मेव्हन हे साधन लागणाऱ्या लायब्ररी नेटवरून उतरवते, पण एकदा उतरल्या की त्या तुमच्याच संगणकावर साठून राहतात. रत्नागिरीत चांगले नेट मिळाले की एकदा प्रकल्प बांधून घ्या आणि घरी मेव्हन ऑफलाइन चालवा. जावाची आणि पोस्टग्रेसची माहितीपुस्तिकाही उतरवून ठेवा. पावसाळ्यात नेट जाते तेव्हा ती शांतपणे वाचता येते, आणि व्हिडिओपेक्षा ती वाचून जास्त कळते हा अनुभव तुम्हालाही येईल.

फ्रेमवर्कच्या आधीचा महिना

हापूसची काडी रायवळच्या खुंटावर बांधतात. खुंट कच्चा असेल तर कलम जगत नाही. स्प्रिंग बूट हे जावाचे फ्रेमवर्क असेच कलम आहे, त्याखालचा खुंट म्हणजे एचटीटीपी, सर्व्हलेट आणि एसक्यूएल. बहुतेक क्लासवाले थेट काडीला हात घालतात.

एचटीटीपी बघायला वेगळे काही लागत नाही. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबा, नेटवर्कचा भाग उघडा आणि कुठल्याही साइटवर फॉर्म भरा. विनंती गेट आहे की पोस्ट, सोबत कोणती माहिती गेली, उत्तरात २०० आले, ४०४ आले की ५००, हे सगळे तिथे दिसते. ४०१ म्हणजे तू कोण ते सांग, ४०३ म्हणजे तू कोण ते कळले पण तुला परवानगी नाही. सर्व्हरला आधीच्या विनंतीची आठवण नसते, म्हणून तो कुकी देतो आणि पुढच्या खेपेला ती बघून ओळखतो. टॉमकॅट हा जावाचा सर्व्हर वापरत असाल तर त्या कुकीचे नाव जेसेशनआयडी. ती पुसून पान पुन्हा उघडा. लॉगिन गेलेले असेल. एवढा एक प्रयोग केला की सेशनवरचे निम्मे प्रश्न मिटतात.

मग टॉमकॅट उतरवा, ८०८० या पोर्टवर चालू करा आणि स्वतःच्या हाताने एक सर्व्हलेट लिहा. आजकाल सर्व्हलेट कोण लिहितो, असे कोणी म्हणेल. लिहीत नाहीत, खरे; पण स्प्रिंगच्या नेहमीच्या वेब प्रकल्पात खाली तोच चालतो. तिथे एक मेख आहे, ती मुद्दाम करून बघा. सर्व्हलेटच्या वर्गात 'गिऱ्हाईक' नावाचे एक चल वरच्या पातळीवर ठेवा, विनंती आली की नाव त्यात भरा, पाच सेकंद थांबा आणि मग तेच नाव छापा. आता दोन वेगवेगळ्या ब्राउझरमधून पाठोपाठ दोन नावे पाठवा. पहिल्याला दुसऱ्याचे नाव दिसेल. कारण टॉमकॅट सर्व्हलेटची एकच प्रत बनवतो आणि तिच्यावर अनेक थ्रेड एकदम चालवतो. मूळ मांडणीत ही संख्या २०० पर्यंत जाते. एकट्याने तपासले तर ही चूक जन्मात सापडत नाही. स्प्रिंगमधले बहुतेक घटकही असेच एकेकच असतात, त्यामुळे हा धडा तिथेही लागू.

डेटाबेसशी बोलताना पहिल्यांदा साधे जेडीबीसी वापरा. गिऱ्हाइकाने भरलेला मजकूर एसक्यूएलच्या वाक्यात जोडून कधीही पाठवू नका. एक अवतरणचिन्ह टाकून कोणीही तुमची अट फिरवतो आणि सगळ्यांची खाती बघतो. प्रिपेअर्ड स्टेटमेंट हा त्यावरचा उपाय, आणि त्याला अपवाद नाही. दुसरे, जोडणी उघडली की बंद करायची. स्प्रिंग बूटसोबत येणारा हिकारी हा जोडण्यांचा साठा मूळ मांडणीत दहाच जोडण्या ठेवतो. दहा ठिकाणी बंद करायचे विसरलात तर अकरावा माणूस ३० सेकंद ताटकळतो आणि मग त्याला चूक दिसते. हेही मुद्दाम करून बघा. हंगामात फोन येतो तेव्हा "साइट अडकली" एवढेच कळते; हे दृश्य आधी पाहिलेले असेल तर कुठे बघायचे ते सुचते.

शेवटची पेटी

आता या विषयाचा गाभा. सहा डझनी एकच पेटी उरली आहे. पावसला दिवाणजींनी पडदा उघडला, तिकडे डोंबिवलीला बागायतदाराच्या भाच्याने उघडला. दोघांनाही शिल्लक १ दिसते. दोघेही 'नोंदवा' दाबतात. प्रोग्रॅम शिल्लक वाचतो, त्यातून एक वजा करतो, ० लिहितो. दोघांसाठी तेच होते. शिल्लक ० अगदी बरोबर दिसते आणि पेटी दोघांना विकलेली असते.

यावर जावात कुलूप लावू असे सुचते. ते एका सर्व्हरपुरतेच चालते; उद्या दोन सर्व्हर झाले की निकामी. काम डेटाबेसला सांगा. 'शिल्लक एकने कमी कर, पण शिल्लक निदान एक असेल तरच' असे एकच अपडेट वाक्य लिहा आणि किती ओळी बदलल्या ते तपासा. पोस्टग्रेस दुसऱ्या अपडेटला पहिले पूर्ण होईपर्यंत थांबवते, मग अट पुन्हा बघते. ती खोटी ठरते, शून्य ओळी बदलतात, आणि तुम्ही भाच्याला सांगता की पेटी गेली. एकच ऑर्डर दोघांनी उघडून दोघांनी वेगळा दर भरला, तर दुसरा उपाय: प्रत्येक ओळीला आवृत्तीचा एक आकडा ठेवायचा आणि वाचताना होता तोच आकडा लिहिताना असेल तरच बदल स्वीकारायचा. जेपीएमध्ये त्यासाठी व्हर्जन हे अ‍ॅनोटेशन तयारच आहे.

पेटी वजा झाली, आणि पावती लिहिण्याआधी सर्व्हर पडला तर? यासाठी ट्रान्झॅक्शन. दोन्ही होतील नाहीतर एकही नाही. पुस्तकात हे वाचून सगळेच पुढे जातात. तुम्ही जाऊ नका. दोन पायऱ्यांच्या मध्ये मुद्दाम चूक फेका आणि डेटाबेसमध्ये काय उरले ते बघा. मग चूक बदलून तपासणीतली, म्हणजे चेक्ड प्रकारची, फेका. स्प्रिंगचे ट्रान्झॅक्शनल लावलेले असूनही पेटी वजा झालेली आणि पावती नसलेली दिसेल! स्प्रिंग मूळ मांडणीत फक्त रनटाइम प्रकारच्या चुकांवर आणि एररवर मागे फिरते, चेक्डवर नाही. तसे हवे असेल तर वेगळे सांगावे लागते. त्याच वर्गातल्या एका पद्धतीने दुसरीला हाक मारली तर तिच्यावरचे ट्रान्झॅक्शनल लागूच होत नाही, हा आणखी एक खड्डा. अनुभवी लोकही त्यात पडतात.

आणि नेट. गोळप-पावसच्या रस्त्यावर एखाद्या वळणावर सिग्नल जातो. गिऱ्हाइकाने पैसे भरले, विनंती सर्व्हरला पोचली, काम झाले, पण उत्तर परत येताना नेट तुटले. त्याला फिरते चक्र दिसते, तो पुन्हा बटण दाबतो. दोन पेट्या, दोनदा पैसे. म्हणून फॉर्म दाखवतानाच त्यात एक न बदलणारा क्रमांक घाला, तो ऑर्डरसोबत साठवा आणि त्या रकान्यावर डेटाबेसचे 'एकमेव' असे बंधन टाका. दुसऱ्यांदा तोच क्रमांक आला तर नवी ऑर्डर न करता जुन्याच ऑर्डरची पावती दाखवायची. मुंबईतल्या चकचकीत कचेरीत बसून शिकणाऱ्यापेक्षा हे तुम्हाला लवकर पटेल.

पैसे, वेळ आणि मराठी अक्षरे

पैशासाठी डबल हा प्रकार वापरू नका. जावात ०.१ आणि ०.२ यांची डबलमधली बेरीज ०.३ येत नाही, शेपटाला ४ असलेली सतरा दशांश स्थळांची संख्या येते. टक्केवारी काढताना हे शेपूट हिशेबात उतरते. बिगडेसिमल वापरा, आणि तेही मजकुरातून बनवा, डबलमधून नाही. किंवा सरळ पैशांत, पूर्णांकात हिशेब ठेवा.

सर्व्हर बहुतेक वेळा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आपण साडेपाच तास पुढे. ५ मेच्या रात्री एक वाजता ट्रक भरला तर सर्व्हरच्या लेखी ४ मेचे साडेसात वाजलेले असतात, संध्याकाळचे. दिवसाचा हिशेब काढताना त्या पेट्या आदल्या दिवसात जातात. क्षण साठवायचा तो प्रमाणवेळेत, आणि 'आजचा माल' काढताना भारतीय वेळेत फिरवून घ्यायचा.

मराठी नावांसाठी यूटीएफ-८. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात. 'रत्नागिरी' नऊ चिन्हांचे, म्हणजे २७ बाइट. ओरॅकलमध्ये मूळ मांडणीतला २० लांबीचा मजकूर-रकाना ही लांबी बाइटमध्ये मोजतो, त्यामुळे तुमचा जिल्हाच त्यात मावत नाही! पोस्टग्रेस चिन्हे मोजते. मायएसक्यूएल घेतले तर यूटीएफ-८-एमबी-४ निवडा, नाहीतर गिऱ्हाइकाच्या शेऱ्यात आलेला आंब्याचा इमोजी अडकतो.

मग स्प्रिंग

एवढे झाल्यावर स्प्रिंग बूट दोन-तीन आठवड्यांत हाताशी येते, कारण ते काय लपवते हे तुम्हाला माहीत असते. जुन्या धड्यांपासून सांभाळा. जावा ईई ओरॅकलने २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचे ठरवले, त्याचे नाव जकार्ता ईई झाले आणि २०२० मध्ये पॅकेजांची नावे 'जावाएक्स'ची 'जकार्ता' झाली. टॉमकॅट १० आणि स्प्रिंग बूट ३ नवी नावे मागतात. २०१८ चा व्हिडिओ बघून लिहिलेला सर्व्हलेट टॉमकॅट १० वर चालत नाही, आणि मूल दोन दिवस आपलेच काहीतरी चुकले म्हणून कपाळाला हात लावून बसते. धडा कुठल्या आवृत्तीचा, हे पहिल्या मिनिटात बघा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनीसांचेही तेच. जुनी आणि नवी नावे ते बिनदिक्कत एकत्र करतात. त्यांच्याकडून कोड घ्या, पण एक ओळही न समजता ठेवू नका.

जावा आणि डेटाबेस यांना जोडणारे हायबरनेट वापरताना त्याने पाठवलेले एसक्यूएल पडद्यावर छापायची सोय चालू ठेवा. २०० ऑर्डरींची यादी आणि प्रत्येकीपुढे गिऱ्हाइकाचे नाव, एवढेच मागितले तर ते कधीकधी २०१ प्रश्न विचारते. दहा ऑर्डरींवर कळत नाही, एप्रिलअखेर कळते. मायक्रोसर्व्हिस, काफ्का वगैरेच्या नादी या प्रकल्पात लागू नका, एक नीट बांधलेला प्रोग्रॅम आणि एक डेटाबेस तालुक्याच्या आंब्याला पुरून उरतो.

अधिकारांची तपासणी मात्र सर्व्हरवरच. दिवाणजींना दर बदलायची परवानगी नाही म्हणून त्यांच्या पडद्यावरचे बटण लपवले, तरी विनंती हाताने पाठवता येते. तसेच पत्त्यातला ऑर्डर क्रमांक ११८ बदलून ११९ केला आणि दुसऱ्याची ऑर्डर, पत्ता, फोन दिसला, तर तुमची प्रणाली उघडी आहे. प्रत्येक वाचनात 'ही ऑर्डर याचीच आहे ना' हे विचारा. गिऱ्हाइकांचे फोन नंबर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात, हेही लक्षात असू द्या. पासवर्ड बीक्रिप्टने, आणि डेटाबेसचा पासवर्ड गिटमध्ये कधीच नाही. आणि दुसऱ्याच्या लायब्ररी अद्ययावत ठेवा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी लिहिणाऱ्या साध्या लायब्ररीत निघालेल्या भोकाने जगभरच्या कंपन्यांची झोप उडवली होती.

सातबाऱ्याचा कंस इथेही वापरा. दर बदलला तर जुना पुसू नका. कोणी, केव्हा, कशावरून कशाला बदलला याची वेगळी ओळ ठेवा. पट्टीवरून वाद झाला की हीच ओळ उपयोगी पडते.

शिकायला कुठे जायचे

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात जावाचे मूलभूत धडे मराठी निवेदनासहही आहेत, आणि जावावरची व्यावसायिक वेबप्रणाली ग्रंथालयाच्या उदाहरणावरून शिकवणारी एक मालिकाही आहे. ती जुन्या पद्धतीची, सर्व्हलेट आणि जेएसपीची; खुंटाच्या महिन्यासाठी तीच उपयोगी. मोफत आहे. शिस्तीत, पूर्ण वेळ शिकायचे आणि पुण्या-मुंबईकडे नोकरी बघायची असेल तर सी-डॅकचा प्रगत संगणनाचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा, ज्याला सगळे नुसते 'डॅक' म्हणतात, त्याचा विचार करा. त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि अभ्यास कसून घेतात. तीन महिन्यांत 'फुल स्टॅक' आणि नोकरीची हमी असे सांगणाऱ्या क्लासला एकच विचारा: ट्रान्झॅक्शन मागे फिरते ते दाखवा. उत्तर ऐकून फी भरायची की नाही ते ठरवा.

मुलाखतीत हॅशमॅप कसा चालतो आणि एसक्यूएलचे जॉइन हे विचारतातच, त्याची तयारी वेगळी करा. पण प्रकल्पाबद्दल विचारले की पडद्यांची संख्या सांगू नका. शेवटची पेटी दोघांना कशी विकली गेली आणि तुम्ही ते कसे थांबवले, ते कागदावर काढून दाखवा.

आणि प्रणाली खरोखर एका बागायतदाराला वापरायला द्या. मेमध्ये नको, मेमध्ये कोणालाच कोणाशी बोलायला वेळ नसतो. फेब्रुवारीत, पहिल्या पेट्या निघायच्या आधी द्या. डेटाबेसची नक्कल रोज दुसऱ्या जागी घ्या, आणि निदान एकदा त्या नकलेवरून सगळे पुन्हा उभे करून बघा. नुसती नक्कल असून उपयोग नाही, ती उघडली पाहिजे. पहिल्या वर्षी वही बंद करू देऊ नका. रोज रात्री वही आणि पडदा यांची बेरीज ताडून बघा, आणि फरक निघाला तर दुसऱ्या दिवशीचा ट्रक भरायच्या आधी तो कुठे पडला ते शोधा.